अल्यानिकोचे कूळ

दक्षिण इटलीत व्हुल्तुरे नावाचा मृत ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर, राख-लाव्ह्याच्या काळ्या मातीत अल्यानिको जातीची द्राक्षे पिकतात. तोडणी कधी नोव्हेंबरात जाते. त्यांचे तांबडे मद्य कोवळेपणी इतके तुरट, की जीभ आखडावी. म्हणूनच वरच्या प्रतीला सुमारे 3 वर्षे मुरवण्याचा दंडक आहे.

'अल्यानिको' म्हणजे 'हेलेनिको'. ग्रीकांनी आणलेली वेल, अशी परंपरागत व्युत्पत्ती. मलाही ती पटली होती. परंतु हे नाव कागदोपत्री प्रथम आढळते 1520 मध्ये, आणि जनुकीय तपासणीत ग्रीक द्राक्षांशी जवळचे नाते दिसलेले नाही. नावावरून कूळ ठरवण्याची घाई (आम्हा सीमावासीयांना ती नवी नाही!) इथेही झाली. कवी होरेस जवळच्याच व्हेनोसात इ. स. पूर्व 65 मध्ये जन्मला, एवढे खरे. त्याच्या पेल्यात हेच मद्य होते, याला मात्र पुरावा नाही.