नऊ आण्यांचे पुस्तक आणि त्याचे वाचक

पुणे, १८८२.

तुम्ही एका मराठी शाळेतले मास्तर आहात. शाळा सुटली की बुधवार पेठेतल्या ओळखीच्या वाड्यात वर्तमानपत्रे वाचायला जायचे, हा तुमचा रोजचा शिरस्ता. ओसरीवर पाच-सहा मंडळी आधीच जमली आहेत आणि पानाचे तबक फिरते आहे. आज कुणी तरी एक छोटेखानी पुस्तक आणले आहे. श्री शिवाजी छापखान्यात छापलेले, किंमत नऊ आणे, प्रती पाचशे. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’. लेखिका ताराबाई शिंदे, मुक्काम बुलढाणा.

पुस्तक अजून उघडलेलेही नाही, तोच प्रश्न सुरू होतात. ही कोण? कुणाची मुलगी? नवरा काय करतो? घरच्यांनी छापू कसे दिले?

तुम्ही पुस्तक हातात घेता. विषय मंडळींना ठाऊक आहे. गेल्याच वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ‘पुणेवैभव’ त्यात पुढे होते. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या रकान्यांना उत्तर द्यायला.

तुम्ही वाचू लागता. भाषा पंडिती नाही. माजघरात, पाणवठ्यावर बोलली जाते तशी रोखठोक, म्हणींनी भरलेली, एकामागून एक प्रश्न विचारणारी. बायको वारल्यावर पुरुष बिनदिक्कत दुसरी करतो, मग नवरा गेल्यावर बाईनेच जन्मभर कोपऱ्यात का बसायचे? जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? त्या विधवेला त्या वाटेला लावणारा पुरुष कुठल्या कोर्टात उभा राहिला?

तुम्ही मान वर करता. ओसरीवर कुणीच या प्रश्नांविषयी बोलत नाही. बोलणे चालले आहे ते बाईच्या तोंडाळपणाचे. कुणी म्हणतो, असले लिहिणे शोभत नाही. पुस्तकाचे उत्तर कुणाकडेच नाही, त्यामुळे सगळे लिहिणारीवर घसरले आहेत. खरे तर त्या कोण, हे शोधायला कष्ट पडत नाहीत. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. मराठा घराण्याच्या रिवाजात अडकलेल्या या बाईचे हे पहिलेच लेखन, आणि तसे त्यांनी पुस्तकात स्वतःच सांगितले आहे.

तीन वर्षे पुढे या. १८८५ साली जोतीराव फुल्यांच्या ‘सत्सार’चा दुसरा अंक तुमच्या हाती पडतो. त्यात ते ताराबाईंचा उल्लेख चिरंजीविनी म्हणून करतात, त्यांची बाजू घेतात आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांना खडसावतात. त्या टीकाकारांत स्वतःच्या सत्यशोधक गोटातले लोकही आहेत, तरी जोतीराव त्यांची गय करत नाहीत. एक मोठा वाचक ठामपणे लेखिकेच्या पाठीशी उभा राहिला, हे नीट लक्षात ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा की तेवढ्याने भागले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही.

आता काही वर्षे झपाट्याने ओलांडा. १९१० साली रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ येते, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. वाचक ते डोक्यावर घेतात. ते पुस्तक त्या आदराला सर्वस्वी पात्र आहे. पण त्या आदरामागचे एक कारण तुमच्या नजरेतून सुटू देऊ नका. थोर पतीच्या आठवणी सांगणारी पत्नी समाजाला हवीच होती. स्वतःच्या मनातले, स्वतःच्या नावावर सांगणारी बाई मात्र अजून वाचकांच्या अंगवळणी पडायची होती.

पुणे, १९३३.

आता तुम्ही मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, अविवाहित शिक्षिका आहात. वय सत्तावीस. पगार झाला की तो वडिलांच्या हाती जातो. धाकट्या भावांची फी, घरभाडे, वाण्याचे बिल. तुमच्या लग्नाचा विषय घरात हल्ली कुणी काढत नाही. एका मैत्रिणीने शाळेत तुम्हाला पुस्तक दिले आहे. वर तपकिरी कागदाचे कव्हर, नाव दिसू नये म्हणून. रात्री निजानीज झाल्यावर कंदिलाची वात बारीक करून तुम्ही ते उघडता. ‘कळ्यांचे निःश्वास’, लेखिका विभावरी शिरूरकर, प्रकाशक ह. वि. मोटे.

एका कथेचे शीर्षकच तुम्हाला थांबवते: ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ तुम्ही पुढे वाचू शकत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून वाचता. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींचे मन, त्यांचा एकटेपणा, त्यांच्या देहाचीही हाक, हे सगळे छापील अक्षरांत समोर आहे. आजवर तुम्ही हे कुणाशी बोलला नव्हता, कारण हे बोलायचे असते हेच ठाऊक नव्हते.

सकाळी बाहेर पडता तर सगळीकडे हाच विषय. बाईने असे लिहावे? निषेधाच्या सभा होत आहेत, लेखांतून आग पाखडली जाते आहे. आणि पुन्हा तोच पन्नास वर्षांपूर्वीच्या ओसरीवरचा प्रश्न: ही कोण? विभावरी या नावामागे कोणी पुरुषच लपला आहे, असे छातीठोकपणे सांगणारेही आहेत. प्रकाशक मोटे नाव फोडत नाहीत.

तुम्हाला आम्ही सांगतो. लिहिणाऱ्या बाळूताई खरे, तुमच्यासारख्याच शिक्षिका. घोडनदी-शिरूरच्या, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या नावाने ‘अलंकारमंजूषा’ हे काव्यालंकारांवरचे पुस्तक लिहिले, तेव्हा कुणाची झोप उडाली नव्हती. बाईने उपमा-उत्प्रेक्षा शिकवलेल्या चालत होत्या; बाईने बाईचे मन उघड केलेले चालत नव्हते.

पण या वेळी एक गोष्ट वेगळी घडली. टोपणनावाच्या आडोशाला लिहिणारी सुरक्षित राहिली, आणि तुमच्यासारख्या वाचणाऱ्या मुली आता घरोघर होत्या. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्याने टाकलेल्या, तरीही प्रेमाचा आणि मातृत्वाचा हक्क न सोडणाऱ्या अचलेची ती गोष्ट. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन बाळूताई मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि १९५० साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर त्यांनी ‘बळी’ लिहिली. निषेध करणाऱ्यांचे ऐकून त्या १९३३ सालीच थांबल्या असत्या, तर मराठीला ‘बळी’ मिळाली नसती.

आणि ताराबाई? त्यांच्यासाठी तुम्हाला १९७५ पर्यंत यावे लागेल. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. स. गं. मालशे हे संशोधक ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशित करतात. आता तुम्ही कॉलेजात मराठी शिकणारी मुलगी आहात. वाचून झाल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न येतो: हे मला आजवर कुणी का दाखवले नाही? ९३ वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही लेखिकेचे घराणे न विचारता तिचे म्हणणे विचारात घेता. ताराबाईंना हव्या असलेल्या वाचक तुम्ही होतात. पण तुमची गाठ पडायला त्या हयात नव्हत्या.

साहित्याच्या इतिहासात लेखकांची नावे नोंदली जातात, वाचकांची नाहीत. म्हणून वाचकांच्या हातून झालेला अन्याय कुठे नोंदलाच जात नाही. १८८२ च्या ओसरीवरच्या माणसांनी ताराबाईंचे पुस्तक जाळले नाही, त्यावर बंदी घातली नाही. त्यांनी फक्त प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी बाईलाच धारेवर धरले, आणि मराठीला एका तेजस्वी लेखिकेची पुढची सगळी पुस्तके मिळाली नाहीत.

तो वाचक संपलेला नाही. आजही एखादी बाई आपल्या शरीराविषयी, जातीविषयी, संसाराविषयी परखड लिहिते, तेव्हा तिच्या मजकुराआधी तिचे चारित्र्य वाचले जाते. त्या वेळी आपण गप्प बसू नये. जोतीरावांसारखे नाव घेऊन, जाहीरपणे तिच्या बाजूने उभे राहावे. आणि सुरुवात म्हणून एवढे करा: तुमच्या गावच्या ग्रंथालयात ‘स्त्रीपुरुषतुलना’ आहे का, विचारा. नसेल तर मागवायला लावा. आली की स्वतः वाचा आणि दुसऱ्याच्या हाती द्या.