मांजरा नदी

हिमालयातून निघणाऱ्या गंगेस ग्रीष्मातही वितळत्या हिमाचा आधार असतो; कळंबच्या मांजरेस तो नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी केवळ पर्जन्यावर जगते. महाराष्ट्रात नदीस नवे पाणी आले की सुवासिनी तिची ओटी भरतात. जी बारमास वाहत नाही, तिच्या आगमनाचे अप्रूप अधिकच! सुमारे ७२४ किलोमीटर वाहून मांजरा कंदकुर्तीस गोदावरीला मिळते.

तिच्या खालच्या प्रवाहावरील निजामसागर १९३१ मध्येच पुरा झाला. कळंबच्या पूर्वेस धनेगावचे धरण होण्यास मात्र १९८० साल उजाडले. तेही २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले, आणि त्यावर विसंबलेल्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले.