परंपरानिष्ठ इतिहासवाचन : समर्थ-शिवाजी भेटीचा वाद

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (इ. स. १६०८). समर्थ व शिवाजी महाराज यांच्या पहिल्या भेटीचा वाद वरकरणी कालनिर्णयाचा आहे. वस्तुतः तो वाचनदृष्टीचा आहे. धुळ्याच्या शं. श्री. देवांनी सांप्रदायिक परंपरा प्रमाण मानून ही भेट शके १५७१ (इ. स. १६४९) मध्ये ठरविली. चांदोरकर व गो. चिं. भाटे यांनी ती शके १५९४ (इ. स. १६७२) पर्यंत पुढे आणली, केशव गोसावींचे दिवाकर गोसावींना गेलेले पत्र त्यांचा मुख्य आधार. पहिला शक मानल्यास स्वराज्याच्या मुळाशी गुरूपदेश येतो, दुसरा मानल्यास राज्य आधी व भेट नंतर. परंपरानिष्ठ वाचकास पहिलाच का रुचतो, हे उघड आहे.

तथापि त्यास सरसकट पूर्वग्रहदूषित म्हणणे अन्यायाचे होईल. देवांनी मठोमठी हिंडून बाडे जमविली नसती, तर प्रतिपक्षालाही पुष्कळशी साधने कोठून मिळती? दोष जतनवृत्तीत नाही. उत्तरकालीन बखरीस समकालीन पत्राइतके वजन देण्यात आहे. चाफळच्या १६७८ च्या सनदेचा अर्थही म्हणूनच वाचकागणिक पालटत आला आहे.