व्होल्गाकाठची जर्मन चूल

घरदार सोडून निघालेला माणूस आपले शेत बरोबर नेऊ शकत नाही, विहीर नेऊ शकत नाही, वाडवडिलांची थडगीही नेऊ शकत नाही. प्रार्थनापुस्तक, बी-बियाणे आणि स्वयंपाकाची रीत एवढे मात्र तो नेतो. यांपैकी शेवटच्या गोष्टीकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. जर्मनीबाहेर गेलेल्या जर्मन शेतकऱ्यांची कथा वाचताना मात्र आम्हांला ही चूलच पुनःपुन्हा सामोरी येते.

२२ जुलै १७६३ रोजी रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने परदेशी वसाहतकारांना आवाहन करणारा जाहीरनामा काढला. ती स्वतः जन्माने जर्मन राजकन्या होती. सात वर्षांचे युद्ध त्याच वर्षी संपले होते; हेस्से, ऱ्हाईनलँड आदी प्रदेशांतील शेतकरी नागवले गेले होते. जमीन, धर्मस्वातंत्र्य आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून मुक्ती या आश्वासनांवर हजारो कुटुंबे निघाली आणि काही वर्षांतच व्होल्गा नदीच्या काठी, सारातोव्हच्या परिसरात, सुमारे शंभर जर्मन गावे वसली. बहुसंख्य गावे प्रोटेस्टंट होती. कॅथलिकांची गावे निराळी होती.

तेथील माळरानावर लाकूड दुर्मीळ. म्हणून शेण वाळवून केलेल्या गोवऱ्यांवर चूल पेटू लागली. रानात कलिंगडे उदंड पिकत. त्यांचा रस आटवून गोड पाक केला जाई आणि हिवाळ्यासाठी कलिंगडे मिठाच्या पाण्यात पिंपांत मुरवून ठेवली जात. कलिंगडाचे ‘अर्बूस’ हे नावही त्यांनी रशियनांकडूनच घेतले. आंबवलेल्या पिठाच्या पारीत कोबी, कांदा आणि मांस भरून भाजलेला ‘बीरोक’ शेतावर न्यायला सोयीचा होता. त्याचे नाते रशियन ‘पिरोग’शी सांगितले जाते. मात्र उपवासकाळाच्या तोंडावर तळायचे ‘क्रेपेल’ आणि ‘केर्ब’ म्हणजे ख्रिस्तमंदिराच्या वर्धापनाचा सण, हे त्यांनी मूळ गावातून आणले होते. पदार्थ शेजाऱ्याचा असला, तरी तो कोणत्या दिवशी रांधायचा हे पंचांग त्यांचे स्वतःचे होते.

पुढे दिलेली वचने मोडली गेली. १८७१ साली वसाहतींचे विशेष हक्क काढून घेतले गेले आणि १८७४ साली लष्करभरतीची सक्ती आली. दोन वर्षांनी, १८७६ साली, कॅथलिक कुटुंबे अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या एलिस परगण्यात उतरली. हेर्झोग, कॅथरीन, मुंजोर, फायफर ही आपल्या नव्या गावांची नावे त्यांनी व्होल्गाकाठच्या गावांवरूनच ठेवली. हेर्झोग पुढे व्हिक्टोरिया या गावात सामावले. तेथील संत फिदेलिस ख्रिस्तमंदिरासाठी बारा वर्षांवरील प्रत्येक कॅथलिकाच्या वाट्याला वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड आले. १९११ साली पूर्ण झालेल्या या मंदिराला २०१४ साली लघु बॅसिलिकाचा दर्जा लाभला.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जर्मन भाषा संशयास पात्र ठरली. शाळांतून ती गेली आणि हळूहळू घरांतूनही विरली. बीरोक मात्र टिकला. शेजारच्या नेब्रास्का राज्यात तोच पदार्थ ‘रुन्झा’ या नावाने १९४९ सालापासून उपाहारगृहांत विकला जाऊ लागला. १८७८ साली अर्जेंटिनात गेलेल्या बांधवांच्या गावांतही केर्बचा सण आणि क्रेपेल यांची परंपरा चालू राहिली. आजीची भाषा न समजणारी नातवंडे आजीच्या हातची चव ओळखत राहिली.

जे रशियातच राहिले, त्यांचे दुःख शब्दांत मावणारे नाही. २८ ऑगस्ट १९४१ च्या फर्मानाने व्होल्गाकाठच्या काही लाख जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले गेले. स्त्री-पुरुषांना श्रमसेनेत जुंपण्यात आले. उपासमारीने असंख्य माणसे गेली. सणाचे ताट सोडाच, रोजची भाकरच हिरावली गेली. धर्मगुरू नव्हते, मंदिरे नव्हती. घराच्या चार भिंतींआड प्रार्थना तेवढी उरली.

सोव्हिएत सत्ता ढासळू लागली तेव्हापासून पूर्वीच्या सोव्हिएत देशांतील वीस लाखांहून अधिक लोक, म्हणजे हे जर्मनवंशीय आणि त्यांचे कुटुंबीय, जर्मनीत परतले. रशियात ज्यांना ‘जर्मन’ म्हणून हिणवले गेले, त्यांना आता जर्मनीत ‘रशियन’ म्हटले जाऊ लागले. पूर्वजांच्या भूमीत राहून ही माणसे रशियन जिनसांची दुकाने शोधू लागली आणि अशी दुकाने तेथे गावोगावी निघालीही. परक्या देशात जर्मन चव जपणाऱ्यांचे वंशज जर्मनीत परक्या देशाची चव शोधत होते!

यात हसण्यासारखे काही नाही. ज्या घासावर आई-बापांनी आपल्याला वाढवले, तोच आपला घास. तो प्रथम कोणत्या देशात शिजला, याची चौकशी जीभ करीत नाही. आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पूर्वी त्याच्या पिठाला ताडीने आंबवण्याचे काम केले, म्हणून तो आपल्याला परका वाटतो काय? आपल्या लग्नघरात तळल्या जाणाऱ्या फुग्यांना आणि त्यांच्या क्रेपेलला एकाच पंगतीत बसवता येईल.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुलेही आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात संसार थाटीत आहेत. तेथे सगळे जिन्नस मिळणार नाहीत. त्याची फारशी चिंता नको. व्होल्गाकाठच्या सुगरणींनी कोबी आणि कलिंगडावर भागवले. खरी चिंता निराळी आहे. सणाचे सारे जेवण बाहेरून मागवण्याची सवय आपल्याला इथेच, गावातच जडत आहे, आणि पिठाचे प्रमाण ठाऊक असलेले हात म्हातारे होत आहेत. येत्या नाताळापूर्वी प्रत्येक घरातील एका तरी मुलाने किंवा मुलीने आजीशेजारी बसून पीठ मळायला शिकावे, एवढीच आमची आपल्या वाचक कुटुंबांना विनंती आहे. दूरदेशी जाताना बरोबर न्यावे असे काही, आधी घरात असावे लागते.