विजेची मोटार आणि वाटेवरची वीज

वाहनाची थोरवी त्याच्या वेगावरून मोजण्याची रीत जुनी आहे. परंतु प्रवासाचा इतिहास पाहू गेल्यास वाहनापेक्षा वाटेवरील दाणावैरणीचा बंदोबस्तच अधिक निर्णायक ठरलेला दिसतो. घोड्यांची डाक लांबचा पल्ला गाठी, ती प्रत्येक टप्प्यावर ताजा घोडा बांधून ठेवलेला असे म्हणून. घोडा कितीही उमदा असला, तरी पुढच्या चौकीवर जोडी तयार नसेल, तर त्याचा उमदेपणा प्रवाशाच्या काय कामाचा?

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील सुशिक्षित कुटुंबांतून सध्या विजेच्या मोटारीविषयी जो ऊहापोह चालतो, त्याच्या मुळाशी हाच जुना प्रश्न आहे. गाडी देखणी आहे, चालीस मऊ आहे, धूर करीत नाही, हे पाहताक्षणी पटते. घराबाहेर पडल्यावर तिला वीज कोठे मिळेल, किती वेळात मिळेल आणि ती मिळेलच याची हमी कोण घेईल, हे मात्र पाहून कळत नाही. योगायोग असा की, नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर या टापूने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एकदा शोधून काढले होते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. सुलतान, सिंध आणि साहेब या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढले. अंतर अवघे 34 किलोमीटर. तरी एवढ्यातही वाटेत इंजिनांना पाणी द्यावे लागले. पुढल्याच वर्षी, 1 मे 1854 रोजी, लोहमार्ग कल्याणला पोहोचला. 1863 साली बोरघाटातून पुण्याकडची आणि 1865 साली थळघाटातून इगतपुरीकडची वाट खुली झाली, आणि कल्याण हे दोन घाटांच्या तोंडाशी वसलेले मोठे जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनाची तहान व भूक दोन्ही मोठी. यास्तव रेल्वे कंपनीने रुळांबरोबरच पाण्याच्या टाक्या आणि कोळशाच्या वखारी उभ्या केल्या. उतारूने तिकीट काढावे आणि गाडीत बसावे. पुढे पाणी मिळेल की नाही याची चिंता त्याने वाहिली नाही.

विजेवर चालणारी मोटार ही आजची कल्पना नव्हे. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने 1859 साली शिशाचा पुन्हापुन्हा भरता येणारा विद्युत्घट सिद्ध केला, आणि त्या शतकाच्या अखेरीस लंडन व न्यूयॉर्क येथे विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. ताशी 100 किलोमीटरची मर्यादा ज्या मोटारीने प्रथम ओलांडली, ती 1899 सालची कामिय जेनात्झी याची गाडीही विजेचीच होती. पेट्रोलची मोटार त्या वेळी आवाज करी, वास मारी आणि हाताने दांडा फिरविल्यावाचून चालू होत नसे. असे असूनही पुढील वीसपंचवीस वर्षांत विजेची मोटार रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. त्याची कारणे तीन. फोर्डने पेट्रोलची गाडी स्वस्त केली. 1912 सालापासून कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि दांडा फिरविण्याचा त्रास संपला. तिसरे कारण असे की, पेट्रोलचा डबा कोणत्याही गावच्या दुकानात ठेवता येई, पण शहराची वेस ओलांडल्यावर वीज मिळत नसे. पहिली दोन कारणे गाडीची होती. तिसरे वाटेचे होते, आणि त्यावर उपाय करणे एकट्या कारखानदाराच्या हातचे नव्हते.

मुंबई इलाख्यात विजेने वेगळी वाट धरली. मुंबईची घोड्यांची ट्राम 1874 साली सुरू झाली होती. 1907 साली तिची जागा विजेच्या ट्रामने घेतली. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून 1915 साली खोपोली येथे, 1922 साली भिवपुरी येथे आणि 1927 साली भिरा येथे टाटांची जलविद्युत् केंद्रे चालू झाली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी विजेची पहिली आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्यास गेली. तारांचे हे जाळे ठाणे-कल्याणवरून पसरत 1929 साली पुण्यास आणि 1930 साली इगतपुरीस भिडले. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही या उद्योगाची सर्वांच्या ओळखीची खूण होय.

या खटाटोपात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने केलेली एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. गाड्या आणल्या, तारा ओढल्या आणि त्याबरोबरच डोंबिवली व कल्याण यांच्या दरम्यान ठाकुर्लीजवळ चोळे येथे, उल्हास नदीचे पाणी आणि कोळसा यांच्या बळावर चालणारे स्वतःचे वीजघरही तिने उभारले. 1929 साली ते कामास लागले. पुरवठ्याची वीज असे उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए.सी.; गाड्यांना हवी असे एकाच दिशेने वाहणारी, 1500 व्होल्टची डी.सी. हा पालट करण्यासाठी लोहमार्गाच्या कडेला ठिकठिकाणी उपकेंद्रे बांधण्यात आली. पुढे डोंबिवलीसारखे खेडेवजा गाव नोकरदारांचे शहर झाले, त्यास दर काही मिनिटांनी धावणारी विजेची लोकल मोठ्या अंशी कारण झाली. चोळ्याचे वीजघर कालांतराने बंद पडले. परंतु वाहन आणणाऱ्यानेच त्याच्या विजेची जबाबदारी घ्यावी, हा त्याने घालून दिलेला पाठ जुना झालेला नाही.

विजेच्या मोटारीला मात्र पुनर्जन्मासाठी हलक्या बॅटरीची वाट पाहावी लागली. लिथियमच्या घटांची विक्री 1991 साली जपानात सुरू झाली. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात 1993 साली लव्हबर्ड आणि 2001 साली बंगळूरची रेवा या छोट्या गाड्या येऊन गेल्या. शिशाच्या घटांमुळे त्यांची धाव तोकडी राहिली. जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन विजेच्या रूपात बाजारात आली, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाची मुख्य गाडी विजेची असू शकेल असा विचार प्रथमच गंभीरपणे होऊ लागला. तिच्या त्या वेळच्या बॅटरीत सुमारे 30 युनिटे वीज मावे. प्रमाणित चाचणीत ती 312 किलोमीटर चालली. प्रत्यक्ष रस्त्यावर 200 किलोमीटर धरून चालणे शहाणपणाचे होते.

आता वीज भरण्याच्या दोन रीती पाहाव्या. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तासास सुमारे 3 युनिटे मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास दहाएक तास, एक अखंड रात्र लागते. येथे ए.सी.चे डी.सी. करण्याचे काम गाडीच्या पोटातील लहानसे यंत्र करते. सार्वजनिक जलद चार्जिंगमध्ये हेच काम रस्त्याच्या कडेला उभे केलेले मोठे यंत्र करते आणि तयार डी.सी. थेट बॅटरीत ओतते. 1929 सालच्या रेल्वे उपकेंद्राचे हे धाकटे भावंडच म्हणावयाचे. यंत्र 50 किलोवॅटचे असले, तर हिशेबाने अर्ध्या तासात काम उरकावे. पण बॅटरी स्वतःच्या प्रकृतीप्रमाणेच घास घेते. त्या नेक्सॉनला आठ दशांश भरण्यास सुमारे एक तास लागे. त्यापुढचा भाग भरताना वेग इतका मंदावतो की, शहाणा प्रवासी तेथे ताटकळत न बसता पुढे निघतो.

रोजच्या व्यवहारात हे गणित फार सोयीचे बसते. 2024 साली मोठागाव-माणकोली पूल खुला झाल्यापासून डोंबिवली-ठाणे वाट आखूड झाली आहे. जाऊन-येऊन 50 किलोमीटर धरले, तरी सातआठ युनिटांत काम भागते. ती रात्री अडीचतीन तासांत परत भरली जातात. लांबच्या वाटेवर प्रश्न उभा राहतो. कल्याणहून नाशिक सुमारे 130 किलोमीटर. वाटेत कसाऱ्याचा घाट. भरल्या गाडीला इगतपुरीच्या सुमारे 600 मीटर उंचीपर्यंत चढविण्यास साधारण 3 युनिटे जास्तीची लागतात. उतरताना मोटारच जनित्र बनते आणि त्यातील काही भाग परत करते. तेव्हा नाशिकला एका दमात पोहोचणे सहज शक्य. पण त्याच दिवशी परतावयाचे, तर मध्ये कोठे तरी वीज भरणे अटळ. तेथील यंत्र बंद असेल किंवा त्यापुढे तीन गाड्यांची रांग असेल, तर एका तासाचे तीन-चार तास होतात. पेट्रोल पंप बंद आढळल्यास पुढचा गाठता येतो. बॅटरी संपत आलेल्या गाडीला ती मुभा थोडी.

पैशाचा हिशेबही याच दोन रीतींप्रमाणे दुभंगतो. हिशेबापुरते घरचे युनिट 10 रुपयांस, सार्वजनिक यंत्राचे 20 रुपयांस आणि पेट्रोल 100 रुपये लिटर धरावे. शंभर किलोमीटरला 15 युनिटे लागली, तर घरच्या विजेवर 150 रुपये, बाहेरच्या विजेवर 300 रुपये, आणि लिटरमागे 15 किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीस 667 रुपये पडतात. गाडी घेताना अधिक मोजलेली रक्कम घरी भरणारास काही वर्षांत वसूल होते. सर्वस्वी बाहेरच्या यंत्रावर अवलंबून राहणाराची बचत पुष्कळच घटते, आणि रांगेत गेलेल्या वेळाची किंमत त्यात धरलेली नसते.

येथेच एका टापूत दोन प्रकारचे नागरिक निर्माण होतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील नव्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडास गाडीची जागा असते. सोसायटीच्या सभेने संमती दिली आणि वीजभार वाढवून मिळाला, की भिंतीवर चार्जर बसतो. डोंबिवली वा कल्याणच्या जुन्या भागातील चारमजली इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर सोडणे धोक्याचे आणि गैरही. अशा कुटुंबास जलद चार्जिंग हीच रोजची वैरण ठरते. ज्यास स्वस्त वाहनाची गरज अधिक, त्यालाच महाग वीज घ्यावी लागावी, हा यातील खरा अन्याय आहे.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. 2018 साली केंद्रीय वीज मंत्रालयाने चार्जिंग केंद्रास परवान्याची आवश्यकता नसल्याचे स्पष्ट केले. शहरात दर 3 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात निदान एक आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांस दर 25 किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे मार्गदर्शक सूत्रही त्याच वर्षाच्या डिसेंबरात घालून दिले. महाराष्ट्राने 2018, 2021 आणि 2025 साली आपली धोरणे जाहीर केली. परंतु केंद्र उभे असणे आणि ते चालू असणे या निराळ्या गोष्टी आहेत. चोळ्याचे वीजघर बंद पडले असते, तर कंपनीच्या गाड्या थांबल्या असत्या. म्हणून ते चालू ठेवण्यात कंपनीचा जीव अडकलेला होता. आज गाडी विकणारा एक, यंत्र बसविणारा दुसरा, वीज पुरविणारे महावितरण तिसरे आणि जागेचा मालक चौथा. यंत्र नादुरुस्त झाल्यास अडकणारा मात्र यांच्यापैकी कोणीच नसतो.

आणखी दोन इशारे इतिहासातून मिळतात. पहिला मानकांचा. 1500 व्होल्टची डी.सी. पद्धत मुंबईच्या लोकलांनी जवळजवळ नव्वद वर्षे चालविली. ती बदलून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग 25,000 व्होल्टच्या ए.सी.वर आणण्याचे काम 2015 साली पुरे झाले. रुजलेली पद्धत उपटणे किती खर्चाचे, हे यावरून दिसते. चार्जिंगच्या बाबतीतही 2017 सालचे 15 किलोवॅटचे ‘भारत डी.सी.’ मानक थोड्याच वर्षांत मागे पडले आणि नव्या मोटारींनी सी.सी.एस. 2 हा प्लग स्वीकारला. जुन्या यंत्रांचा त्यांना उपयोग उरला नाही. दुसरा इशारा पुरवठ्याचा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी पडघा-कळवा वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. सर्व वाहने एकाच तारेस बांधावयाची, तर ती तार तितकीच भक्कम हवी. शिवाय महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्याप कोळशाचीच आहे. विजेची मोटार ठाण्याच्या रस्त्यावरचा धूर हटविते, परंतु त्यातील काही भाग दूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो, हे विसरून चालणार नाही.

या सर्वांचे तात्पर्य काढू गेल्यास निर्णय एकच न येता दोन येतात. ज्या कुटुंबास गाडीची हक्काची जागा आणि तेथे स्वतःच्या मीटरची वीज आहे, त्याने विजेची मोटार निःशंकपणे घ्यावी. त्याच्या दृष्टीने जलद चार्जिंग ही वर्षातून काही वेळा लागणारी प्रवासातील सोय आहे. ज्यास अशी जागा नाही, त्याने गाडीच्या दुकानात शिरण्यापूर्वी आपल्या घराजवळचे केंद्र रविवारी संध्याकाळी जाऊन पाहावे: यंत्रे किती, त्यातील चालू किती आणि रांग केवढी. त्या उत्तरावरच त्याचा निर्णय अवलंबून आहे. आणि ते उत्तर सुधारणे त्याच्या एकट्याच्या आटोक्यातील नाही. डोंबिवलीच्या चाकरमान्याला विजेची गाडी लाभली, ती त्याने इंजिन विकत घेतले म्हणून नव्हे. कोणी तरी उल्हासेच्या काठी वीजघर बांधून ते रात्रंदिवस चालू ठेवण्याची जबाबदारी पत्करली म्हणून. रस्त्यावरच्या विजेची तशी जबाबदारी पत्करणारा धनी नगरपालिकेच्या, महावितरणच्या की कारखानदाराच्या रूपाने पुढे येतो, यावर पुढील पिढीची वाहने ठरावयाची आहेत.