चिंच, चिंचोके आणि तंजावर

मागच्या शनिवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा माझ्या एका हाताला रंग लागला होता आणि दुसऱ्या हाताला चिंचेचा कोळ.

"काय करायलास रे?"

"आमटी."

"अन् ते भिंतीला काय टेकवून ठेवलंस?"

"चित्र."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे सगळं इथं असताना का नाही केलंस?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही. स्टँडअप मीटिंगमध्ये सुद्धा तोच. म्हणून हा वीकेंडचा लेख.

आधी थोडं स्वतःबद्दल. मी हिंगोलीचा. आमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहानच. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली होती. घरात पेढे वाटले गेले, पण ते दहावीला वाढीव मार्क मिळणार म्हणून! अण्णांचं म्हणणं साधं होतं: चित्रं काढून पोट भरत नसतं. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मग अकरावी सायन्स, क्लास, इंजिनिअरिंग, कंपनी. रंगपेटी माळ्यावर गेली. स्वयंपाकघराशी तर पाणी प्यायला जाण्यापुरताच संबंध. घरात आई, आजी, काकू असताना पोराने हातात झारा घेतला असता तर शेजारणी बघायला आल्या असत्या.

आणि जर्मनीत आल्यावर सहा महिन्यांत मी दोन्ही करायला लागलो. का?

माझ्या ओळखीच्या दहातल्या सात जणांचं हेच आहे. कुणी केक करतो, कुणी वारली काढतो, कुणी इडलीचं पीठ आंबवायला हीटरशेजारी ठेवतो. आम्ही याला "टाइमपास" म्हणतो किंवा "घरची आठवण येते म्हणून" म्हणतो. पण मला वाटतं हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर मला साडेतीनशे वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या काही मराठी माणसांकडे सापडलं. तंजावरच्या.

नोकरीच्या सुरुवातीला चेन्नईला ट्रेनिंग होतं, तेव्हा एका शनिवार-रविवारी तंजावरला गेलो होतो. बृहदीश्वराचं ते अवाढव्य मंदिर, चोळांनी हजार वर्षांपूर्वी बांधलेलं, सगळीकडे तमिळ अक्षरं... आणि फिरता फिरता एका भिंतीवर एकदम मराठी! ओळीच्या ओळी, दगडात कोरलेल्या. भोसले घराण्याचा इतिहास. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला हा लेख मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. घरापासून हजारेक किलोमीटरवर अचानक आपली भाषा भिंतीवर दिसली की काय होतं, ते परगावी राहिलेल्यांना सांगायला नको.

हे लोक तिथे पोचले कसे? शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, विजापूरच्या नोकरीत होते. विजापूरच्या फौजेबरोबर ते दक्षिणेत उतरले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर स्वतःच्याच ताब्यात घेऊन बसले. आजच्या भाषेत ऑनसाइटला पाठवलेला माणूस तिथेच स्थायिक झाला. त्यांच्या घराण्याने पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे जवळपास १८० वर्षं तिथे राज्य केलं. सोबत कारकून गेले, पुरोहित गेले, सैनिक गेले, आचारी गेले. त्यांच्यातल्या अनेकांचे वंशज आजही घरात एक वेगळीच, जुनी आणि तमिळ वळणाची मराठी बोलतात.

आता स्वयंपाकाकडे येऊ. सांबाराची गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचली असेलच. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून आले, आमटीसाठी महाराष्ट्रातून येणारी आमसुलं संपली होती, मग कुणीतरी चिंच घालायला सुचवलं आणि पाहुण्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं सांबार. गोष्ट गोड आहे. पण तिला त्या काळातल्या कागदपत्राचा आधार नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी १६८४ मध्ये गादीवर आले तेव्हा अगदीच कोवळे होते आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्या पाच वर्षांत मोगली फौजा अंगावर असताना आमटी खायला तंजावरला जाणं... असो.

माझी शंका वेगळी आहे आणि ती हिंगोलीच्या स्वयंपाकघरातून आलेली आहे. आमसूल कोकणातलं. भोसल्यांची पाटीलकी वेरूळची, म्हणजे मराठवाड्यातली! आमच्याकडे वरणाला आंबटपणा हवा तर चिंचच घालतात. बांधावर, देवळापाशी, शाळेच्या मागे, जिथे बघाल तिथे चिंचेचं झाड. वेरूळच्या भोसल्यांच्या आचाऱ्याला तंजावरला जाऊन चिंचेचा शोध लागला, हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. आणि नावाचं म्हणाल तर आमच्या भागात, विदर्भाच्या शिवेवर, सांबार म्हणजे कोथिंबीर. आई मला बाजारात पाठवताना "दहाचा सांबार आण" म्हणायची. पुण्यातल्या रूममेटला मी पहिल्यांदा "सांबार आण" म्हटलं तेव्हा तो हॉटेलातून पार्सल घेऊन आला होता :-)

म्हणजे तंजावरच्या मराठ्यांनी स्वयंपाकात काही केलंच नाही का? तर खूप केलं, आणि त्याला कागदाचा पुरावा आहे. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ पंडित नावाचे विद्वान होते. मूळचे महाराष्ट्रातले, रामदास स्वामींच्या ओळखीतले. त्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्यं, भाज्या, पदार्थ, त्यांचे गुणदोष असं सगळं त्यात आहे. त्यात जिलबीची कृती सुद्धा आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी जिलबीचा इतिहास लिहिताना तिचा उपयोग केला होता. पुढे सरफोजींच्या काळात मराठीत 'शरभेंद्र पाकशास्त्र' तयार झालं. त्यात शाकाहारी आहे, मांसाहारी आहे आणि इंग्रजी पद्धतीचेही पदार्थ आहेत. राजवाड्यातल्या पाककृती लिहून ठेवाव्यात, अगदी साहेबाच्या जेवणासकट, असं त्या माणसाला वाटलं.

त्या माणसाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. सरफोजी दुसरे, जन्म १७७७. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं, पण ते वारल्यावर गादी मिळाली सावत्र काकांना, अमरसिंगांना. पोराचा सांभाळ आणि शिक्षण बघितलं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. १७९८ मध्ये शेवटी गादी मिळाली. आणि १७९९ मध्ये इंग्रजांशी तह झाला. राज्यकारभार कंपनीकडे, सरफोजींकडे फक्त किल्ला आणि आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय वर्षं बावीस. राजा, पण राज्य नाही. पगार आहे, काम नाही!

अशा वेळी माणूस काय करतो? दारूत बुडणारे, खटले लढत बसणारे राजे हिंदुस्थानात भरपूर झाले. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरीचा छापखाना घातला, मुलांना भूगोल कळावा म्हणून मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' हे नाटक रचलं, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी रंगीत चित्रांसकट ठेवल्या. पक्ष्या-प्राण्यांची चित्रं काढून घेतली. त्यातली काही त्यांनी बेंजामिन टोरिन या इंग्रज अधिकाऱ्याला दिली आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि ज्याला आपण तंजावर शैलीचं चित्र म्हणतो, सोन्याचा वर्ख, जडवलेले खडे, लोणी खाणारा गुबगुबीत बाळकृष्ण, ती चित्रकला याच घराण्याच्या आश्रयाखाली बहरली.

या चित्राचं मूळ बघा म्हणजे गंमत कळेल. चितारी बहुतेक तेलुगू, राजू आणि नायडू समाजाचे. त्यांचे पूर्वज विजयनगरची पडझड झाल्यावर आश्रय शोधत दक्षिणेकडे सरकलेले. म्हणजे तेही घर सोडून आलेलेच! पैसा मराठी राजांचा, हात तेलुगू, गाव तमिळ. यातल्या कुणीही "आमच्या गावाकडे असंच काढतात" असं म्हणून ते चित्र काढलेलं नाही. कारण तसं चित्र कुणाच्याच गावाकडे नव्हतं.

आणि चित्र करायची पद्धत वाचताना मी खुर्चीतून उठलोच. लाकडाच्या फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचा लेप देतात, मग रेखाटन, उठाव, खडे, वर्ख आणि शेवटी रंग. फळीवर कापड कशाने चिकटवायचे? चिंचोक्याच्या खळीने.

चिंचोक्याची खळ म्हणजे काय ते मला गुगल करावं लागलं नाही. आमच्याकडे धनगरांच्या घोंगड्यांना ती लावलेली असते, म्हणून नवी घोंगडी इतकी कडक असते. चिंचोके अर्धे फोडून आम्ही फाशांसारखे टाकायचो, पट खेळायचो, भाजून खायचो सुद्धा. तर तंजावरात एकाच चिंचेचा कोळ मुदपाकखान्यात आणि बी चिताऱ्याच्या ओसरीवर. नवीन असं त्यात काहीच नव्हतं. चिंच वेरूळला होती, हिंगोलीला होती, तंजावरलाही होती. नवीन होती ती माणसांची सरमिसळ.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आपण सरफोजींचं नाव घेतो, पण फळीवर खळ लावणाऱ्या आणि चुलीपुढे घाम गाळणाऱ्या बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि तो पाचवा हिस्सा कावेरीकाठच्या भातशेतीतूनच येत होता. छंदाला निवांतपणा लागतो आणि एकाच्या निवांतपणाचा खर्च बऱ्याचदा दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. माझ्या आईला चित्र काढावंसं वाटलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. तिला शनिवार कधी मिळालाच नाही.

आमच्या जिल्ह्यातून असाच एक माणूस फार पूर्वी बाहेर पडला होता. संत नामदेव. परंपरेने त्यांचं जन्मगाव मानतात ते नर्सी हिंगोलीच्या अगदी जवळ आहे. ते पंजाबात गेले, घुमानला राहिले आणि तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत गायले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आम्हा हिंगोलीकरांची कॉलर ताठ झाली होती. पण खरं सांगायचं तर नामदेव तिथे फक्त मराठी अभंगच म्हणत राहिले असते, तर पंजाबने ते सातशे वर्षं जपले असते का?

तर आईच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. मी इथे चित्र काढतो आणि स्वयंपाक करतो तो घर जपून ठेवण्यासाठी, असं मला वाटायचं. पण घरी मी यातलं काहीच करत नव्हतो, मग जपणार काय? इथे मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, मोकळे शनिवार-रविवार. आणि दुसरी, कुणी बघत नाही ही सोय. "पोरगा असून?" नाही, "इंजिनिअर असून?" नाही. सरफोजींचं राज्य गेलं तेव्हा राजाने करायच्या कामांची यादीही गेली आणि उरलेल्या वेळात काय करायचं ते त्यांना स्वतः ठरवावं लागलं. मी राजा नाही, पण ती रिकामी यादी मला ओळखीची वाटते.

हे हिंगोलीत जमलं नसतं का? जमलं असतं. शनिवार तिथेही होता. मी मागितला नाही.

कॉलवर दिसलेलं ते चित्र तंजावर पद्धतीचंच आहे. इथल्या एशियन दुकानात थायलंडची चिंच मिळते, बियांसकट. चिंचोके भाजले, सोलले, रात्रभर भिजवले, मिक्सरमध्ये वाटून शिजवले. जुनी सुती चादर कापून प्लायवूडवर चिकटवली. पहिली फळी बुरशी आली म्हणून फेकली, दुसरीचा लेप तडकला. तिसरी टिकली आहे. त्यावर बाळकृष्ण नाही, आमच्या घरामागचं चिंचेचं झाड आहे. वर्ख परवडत नाही, म्हणून ऊन पिवळ्या रंगानेच रंगवतोय. आणि त्याच चिंचेच्या कोळाची आमटी केली, आईने दिलेलं येसर घालून. शेजारच्या जर्मन आजींना वाटीभर दिली. त्यांनी ती ब्रेड बुडवून खाल्ली आणि वर आंबट साय घालून बघितली. मीही मग तशी खाऊन बघितली. चांगली लागते हो!

रात्री आईला फोन करून हे सगळं सांगितलं. सायीचं ऐकून ती "शी!" म्हणाली. मग मी विचारलं, "आई, तुला कधी काही काढावंसं वाटायचं का गं?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रांगोळीची वही होती माझी. लग्नाच्या आधीची. बघते कुठं हाय का."

पुढच्या महिन्यात सुट्टीवर जातोय. बॅगेत एक रंगपेटी जास्तीची घेतली आहे.