एनएफएस : हस्तांतर-आकाराची बोलणी व बिघाड

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये विकसित केलेल्या एनएफएस या फाइल-प्रणालीत एका विनंतीत किती बाइट वाचायचे (आरसाइझ) व किती लिहायचे (डब्ल्यूसाइझ) हे क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात ठरते. दुसऱ्या आवृत्तीत 8 केबीची कमाल मर्यादा होती. 1995 च्या तिसऱ्या आवृत्तीने ती काढली आणि ‘एफएसइन्फो’ या विनंतीला उत्तर देताना सर्व्हर स्वतःची कमाल व पसंतीची मापे सांगू लागला.

लिनक्स क्लायंट 1 एमबीपर्यंत आकार मागू शकतो. मिळेल तो मात्र सर्व्हरला झेपेल तेवढाच. माउंट करताना मोठा आकडा लिहिला म्हणजे तो लागू झाला, हा जुना गोड गैरसमज. कपात निमूटपणे होते, म्हणून पहिली तपासणी ‘एनएफएसस्टॅट -एम’ या आज्ञेने करावी. प्रत्यक्ष ठरलेले आकडे तिथे दिसतात. सर्व्हरची मर्यादा वाढवायची असल्यास एनएफएसडी या सर्व्हरच्या सेवेचे थ्रेड सुरू होण्यापूर्वीच वाढवावी लागते.

सर्वांत फसवा बिघाड वेगळाच. माउंट होते, छोट्या फोल्डरची यादी येते, पण मोठी फाइल उघडताच सारे गोठते. अशा वेळी संशय एमटीयूवर, म्हणजे एका फ्रेममध्ये मावणाऱ्या कमाल बाइटांवर, घ्यावा : दोन्ही टोकांना 9000 बाइटच्या जंबो फ्रेम आणि मधला एखादा स्विच 1500 वरच अडलेला. आरसाइझ 1024 केल्यावर काम चालले, तर निदान जवळजवळ पक्के. तो उपाय मात्र नव्हे.

मोठ्या आकाराचा आणखी एक धोका यूडीपी वाहतुकीत दिसतो : 8 केबीच्या एका लेखनाचे 1500 बाइटच्या साध्या इथरनेटवर 6 तुकडे होतात. एक हरवला, तरी सहाही पुन्हा पाठवावे लागतात.